मागची सीट

मी पंधरा वर्षांचा आहे. गिअरची मोटारसायकल चालवण्याचा परवाना आपल्या देशात अठराव्या वर्षी मिळतो, म्हणजे मला अजून तीन वर्षं थांबायचं आहे. तरीही मराठी पानासाठी या वेळी मी मोटारसायकलवरच लिहितो आहे, कारण गेल्या मे महिन्याची जवळजवळ सगळी सुट्टी मी एका मोटारसायकलशेजारी फरशीवर बसून घालवली. ती मी चालवली नाही. पण तिचा कोणता बोल्ट कुठे बसतो आणि त्याला कितीचा पाना लागतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

आमच्या हाऊसमध्ये मराठी बोलणारे आम्ही चौघेच, पण मोटारसायकलची भाषा सगळ्यांना येते. प्रेपच्या वेळी कुणाचीही रफ वही घेऊन शेवटचं पान उघडून बघा. हरियाणाचा मित्र बुलेटशिवाय दुसरं काही काढत नाही. केरळच्या मित्राच्या गाड्या इतक्या तिरक्या वळतात की चालवणाऱ्याचा गुडघा समासाला घासतो. सध्या या सगळ्यांत एक शब्द फार चालतो : कॅफे रेसर. गोल दिवा, लांब टाकी, खाली झुकलेलं हँडल, एकाच माणसाची सीट आणि तिच्यामागे छोटासा उंचवटा. आजची स्पोर्ट बाइक घ्यायची आणि तिला हे जुनं रूप द्यायचं, हे निम्म्या हाऊसचं स्वप्न आहे. माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, हे काम खरोखर हाती घेतलं. मी त्याचा मदतनीस होतो.

तुम्ही म्हणाल, ज्या मुलाच्या बुटाची लेससुद्धा शेजाऱ्यासारखीच बांधलेली असावी लागते, त्याला ‘आपली गाडी सगळ्यांहून वेगळी’ या गोष्टीचं एवढं आकर्षण का? कदाचित म्हणूनच असेल. पण गणवेशाने मला एक सवयही लावली आहे. कोणतीही वस्तू आहे तशीच का आहे, हे विचारायची. आमचे उस्ताद सांगतात, गणवेशात आधी गरज आली आणि शोभा मागून आली. मोटारसायकलचंही तसंच आहे, हे मला या सुट्टीत कळलं.

कॅफे रेसरचा जन्म इंग्लंडमधला. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली एस कॅफे नावाचं एक साधं हॉटेल सुरू झालं, मुख्यतः ट्रकवाल्यांसाठी. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात ते उद्ध्वस्त झालं आणि १९४९ मध्ये पुन्हा उभं राहिलं. पन्नास आणि साठच्या दशकात तिथे मोटारसायकलवाल्या तरुणांचा अड्डा जमू लागला. चहा प्यायचा, गाणी ऐकायची आणि एका कॅफेपासून दुसऱ्या कॅफेपर्यंत गाड्या पळवायच्या. ताशी शंभर मैल, म्हणजे साधारण १६० किलोमीटरचा वेग गाठणं ही त्यांच्यात मोठी मानाची गोष्ट होती. १९६९ मध्ये ते कॅफे बंद पडलं आणि २००१ मध्ये पुन्हा उघडलं.

या मुलांकडे शर्यतीची तयार गाडी घेण्याइतके पैसे नव्हते. म्हणून त्यांनी रोजच्या गाडीतून नको ते काढायला सुरुवात केली. मडगार्ड कापले, बाजूचे पत्रे काढले; वजन कमी झालं. पुढच्या फोर्कच्या नळ्यांनाच छोटी हँडलं आवळली, त्यामुळे अंग खाली वाकून वारा कमी लागू लागला. वाकून बसल्यावर पाय पुढे अवघडतात, म्हणून पायठेवणी मागे सरकवली. टाकी लांब केली आणि तिला गुडघ्यांसाठी खाचा दिल्या. सीटच्या मागचा उंचवटा यासाठी, की गाडी जोरात सुटली तर बसणारा मागे घसरू नये. काही जणांनी तर नॉर्टन कंपनीच्या वळणावर भरवशाच्या ‘फेदरबेड’ फ्रेममध्ये ट्रायंफचं जोरदार दोन सिलिंडरचं इंजिन बसवलं आणि त्या गाडीला ‘ट्रायटन’ म्हटलं. आज आपण जे रूप ‘स्टाइल’ म्हणून पाहतो, त्यातली एकही रेघ त्यांनी शोभेसाठी ओढलेली नव्हती.

आता दादाच्या गाडीकडे येतो. यामाहाची आर-१५ भारतात पहिल्यांदा २००८ साली आली. पाण्याने थंड होणारं इंजिन आणि शर्यतीच्या गाड्यांवरून घेतलेली डेल्टाबॉक्स फ्रेम, हे सगळं दीडशे सीसीच्या गाडीत मिळणं तेव्हा नवलाचं होतं. दादाकडे २०१८ साली आलेली तिसरी आवृत्ती आहे : १५५ सीसी, सहा गिअर, स्लिपर क्लच. निळ्या रंगाची, जुनी घेतलेली, पण पूर्णपणे त्याच्या पगारातून घेतलेली. गंमत बघा. खाली घेतलेली हँडलं, मागे सरकवलेली पायठेवणी, वारा कापणारी फेअरिंग हे सगळं या गाडीला कारखान्यातूनच येतं. लंडनच्या पोरांनी हातात कानस घेऊन जे मिळवलं, ते इथे आयतं आहे. म्हणजे अशा गाडीला जुनं रूप द्यायचं, तर नातवाला आजोबांचा कोट घालण्यासारखंच झालं.

पण हा कोट मोठमोठ्या कंपन्याही शिवतात. कावासाकीने २०१७ मध्ये आपल्या झेड ९०० या आधुनिक गाडीवरून झेड ९०० आरएस काढली आणि तिला १९७२ च्या झेड-१ चं रूप दिलं. इटलीच्या एमव्ही अगुस्ताने आपल्या एफ-३ या स्पोर्ट बाइकवर गोल दिव्याची सुपरवेलोचे उभी केली. रॉयल एनफिल्डने साठच्या दशकातलं कॉन्टिनेंटल जीटी हे नाव नव्या गाड्यांना दिलं. त्यातली ६५० सीसीची २०१८ ची. आणि यामाहाने तर २०१९ मध्ये थायलंडमध्ये एक्सएसआर १५५ काढली. इंजिन आणि फ्रेम आर-१५ च्याच घराण्यातली, वरून मात्र गोल दिवा आणि सपाट सीट. दादाने तिचा फोटो मला दाखवला आणि म्हणाला, “कॅडेट, कंपनीला जमतंय तर कोल्हापूरला जमणार न्हाई व्हय?”

कोल्हापूरला खरोखरच जमतं. दादा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत व्हीएमसी मशीनवर काम करतो. काका उद्यमनगरात पॅटर्न मेकर आहेत. पॅटर्न म्हणजे लाकडाचा साचा नव्हे, तर लाकडाची प्रतिकृती. ती वाळूत दाबायची, वाळूत तिचा ठसा उमटतो, त्यात वितळलेलं बीड ओततात आणि कास्टिंग तयार होतं. बीड थंड होताना आकसतं, साधारण शंभराला एक. म्हणून पॅटर्न मेकरची पट्टीच वेगळी असते. काकांच्या पट्टीवरचा एक मीटर खऱ्या मीटरपेक्षा जवळपास दहा मिलिमीटरनी मोठा आहे. लहानपणी मला वाटायचं, काकांची पट्टी चुकीची आहे. ती पट्टी पुढे काय होणार ते आधीच धरून चालते, हे नंतर समजलं.

आणि काकू कांदा-लसूण मसाला करून विकतात. एप्रिल-मे हा त्यांचा हंगाम. मिरच्या लक्ष्मीपुरीतून आणायच्या, वाळवायच्या, भाजायच्या आणि डंकावर कुटून आणायच्या. हे सगळं येणंजाणं दादाच्या मागे बसून, मांडीवर पोतं धरून. घरात वाहन एकच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी भानगड इथूनच सुरू होते.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही गाडी उघडली. फेअरिंग काढल्यावर स्पोर्ट बाइक फार केविलवाणी दिसते. एवढी तोऱ्यातली गाडी, पण आतून रेडिएटर, रबरी नळ्या, कूलंटची छोटी टाकी आणि तारांचे जुडगे बाहेर लोंबतात. जुन्या गाड्यांचं इंजिन उघडं राहण्यासाठीच घडवलेलं असायचं. हिचं झाकलं जाण्यासाठी घडवलेलं आहे. म्हणून जुनं रूप देण्यातलं अर्धं काम म्हणजे या सगळ्याला नवी, नीटनेटकी जागा शोधणं. माझं काम होतं हिशेब ठेवायचं. प्रत्येक भागातले बोल्ट वेगळ्या डब्यात, डब्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर क्रमांक, आणि प्रत्येक तार सोडण्याआधी चार बाजूंनी फोटो. कॉटवर किट मांडून तपासणीला उभं राहायची चार वर्षांची सवय कामाला आली. दादाचे मित्र बघायला यायचे, तेव्हा तो गाडीच्या आधी माझे डबे दाखवायचा.

दादाने भिंतीवर एक चित्र लावलं होतं. सुंदर होतं. एकाच माणसाची सीट, मागे उंचवटा. मागची फ्रेम उंचवट्याच्या पुढे कापलेली, मागचा मडगार्ड गेलेला, साडी गार्ड गेलेला. अगदी लंडनची गाडी. काकू भाजलेल्या मिरच्यांचं ताट घेऊन चालल्या होत्या. ठसक्याने आम्ही दोघेही डोळे पुसत होतो. त्या चित्रासमोर थांबल्या, नीट पाहिलं आणि विचारलं, “झकास हाय. आणि मी कुठं बसू?”

दादा काही क्षण बोलला नाही. मग म्हणाला, “आई, एक तरी वस्तू माझ्या एकट्याची असू दे की.”

तो हे रागाने म्हणाला नाही. दादा तेवीस वर्षांचा आहे. डिप्लोमा संपल्यापासून त्याचा पगार घरात येतो. तो कधी सिनेमालाही एकटा गेलेला मला आठवत नाही. काकू म्हणाल्या, “असू दे की, बाबा,” आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी गाडी मोकळी पडलेली होतीच. त्या केएमटीच्या बसने पोतं घेऊन गेल्या, आणि उरलेलं न्यायला परत एकदा गेल्या. कुणी कुणाला काही बोललं नाही. पण फ्रेम कापायला दादाने आणलेला ग्राइंडर तसाच खोक्यात राहिला.

त्याच आठवड्यात दादाने मला नियम बघायला सांगितलं. मी वाचलं ते असं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने मूळ दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात आलेल्या तपशिलांहून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. आता दादाच्या आर.सी.वर चॅसिस नंबर, इंजिन नंबर आणि रंग यांच्याबरोबर आसनक्षमतेपुढे एक आकडा छापलेला आहे : २. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला १२३ वा नियम आहे. मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला पायठेवणी हवी, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं. ज्याला आपण साडी गार्ड म्हणतो आणि कॅफे रेसर करणारे जे सगळ्यांत आधी काढून फेकतात, ते हेच. मी हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

“कॅडेट, तू कुणाच्या बाजूनं हाईस?” दादाने विचारलं.

“आर.सी.च्या,” मी म्हणालो. तेव्हा तो हसला. चार दिवसांत पहिल्यांदाच.

पण खरा मार्ग काकांनी काढला. ते रात्री जेवून आले, चित्रासमोर उभे राहिले आणि खिशातून पेन्सिल काढली. आधी फ्रेमबद्दल बोलले. मागची फ्रेम भिंतीतून बाहेर आलेल्या सज्जासारखी असते. पुढचं टोक धरलेलं, मागचं मोकळं, आणि बसणाऱ्यांचं वजन तिच्यावर. खड्ड्यात गाडी आदळली की तेच वजन कितीतरी पटीने जाणवतं. कापून पुन्हा वेल्डिंग केलं, तर उष्णतेने जोडाशेजारच्या नळीचा गुण बदलतो. “बाहेरनं दिसतंय तवर ठीक. तुटायचं असलं की जोडाशेजारीच तुटतंय,” ते म्हणाले. मग त्यांनी कपाटातून एक फोटो आणला.

फोटो त्यांच्या आरएक्स १०० चा होता. यामाहाची ही दोन-स्ट्रोक गाडी १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे बनत होती, आणि कोल्हापुरात आजही तिचा आवाज आला की माणसं वळून बघतात. काकांनी ती जुनी घेतली होती आणि दादाच्या डिप्लोमाच्या प्रवेशाच्या वर्षी विकली. फोटोत काका हँडलवर, टाकीवर तीन वर्षांचा दादा, मागे काकू एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, आणि दोघांच्या मधे बाजाराची पिशवी. सगळी मंडळी एका लांब, सपाट सीटवर मावली होती.

“ही जुनी गाडी न्हाई व्हय?” काका म्हणाले. “तुला जुनंच पायजे ना? मग आपलं जुनं घे की. लंडनच्या पोरांना मागं कुणाला बसवायचं नव्हतं, म्हणून त्यांची सीट तशी.”

मला वाटतं, त्या रात्री माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. जुनं रूप म्हणजे कुणाची तरी जुनी गरज. लंडनची एकट्याची सीट ही तिथल्या पोरांची गरज होती. आपल्याकडच्या राजदूत, बुलेट, येझदी, आरएक्स यांची लांब सपाट सीट ही आपल्या घरांची गरज होती. साडी गार्डही तसाच. एका देशाचं जुनं रूप दुसऱ्या देशातल्या गाडीवर चढवताना आपण त्यांची गरजही उसनी घेतो, आणि आपली फेकून देतो. चित्र काढताना ते लक्षात येत नाही, कारण चित्रात मागे बसायला कुणी येत नाही.

दादा बराच वेळ फोटो बघत होता. मग म्हणाला, “आबा, दोन्ही करता येईल का?” काका म्हणाले, “न येऊन कुठं जातंय.”

स्पोर्ट बाइकची सीट दोन तुकड्यांची असते. मागचा तुकडा चावी फिरवली की निघतो. मागची सीट उंच आणि लहान असते, कारण अशा गाड्यांचा आकार शर्यतीतून आलेला आहे आणि शर्यतीत मागे कुणी बसत नाही. काकांनी ठरवलं, एकाच कुलपावर बसतील असे दोन मागचे भाग करायचे. एक, दादाच्या चित्रातला उंचवटा. दुसरा, काकूंसाठी रुंद सीट. चालवणाऱ्याच्या सीटचा फोम थोडा चढवायचा, मागचा थोडा उतरवायचा, म्हणजे मधली पायरी कमी होऊन दोन्ही मिळून आरएक्ससारखी एक रेघ दिसेल. फ्रेमला हात लावायचा नाही.

काकांनी सागवानाचे दोन पॅटर्न केले. आयुष्यभर त्यांनी पंपाच्या बॉडी आणि मशीनचे भाग घडवले. मोटारसायकलची सीट पहिलीच. रंधा मारताना ते मला दाखवत होते की कडा सरळ उभ्या ठेवायच्या नाहीत, किंचित ढाळ द्यायचा. वाळूतून पॅटर्न सुटून यायला जो ढाळ लागतो, तोच फायबरचा तुकडा सुटायलाही लागतो. मग लांबी आली. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, मग ४००. मग मेण चोळून चकचकीत करणं. त्यावर फायबरचा साचा घेतला, आणि साच्यातून खरा भाग. काचतंतूंची मॅट आणि रेझिन, तीन थर. रेझिनमध्ये हार्डनर मोजूनच घालावा लागतो. जास्त झाला तर रेझिन डब्यातच तापून दगड होतं, आणि मे महिन्यातल्या उन्हात तर आणखी लवकर. म्हणून आम्ही पहाटे पाचला कामाला लागायचो. मला उठवायला कुणाला यावं लागलं नाही. पहाटेच्या पीटीचा हा एक फायदा. फायबर घासल्यावर अंगाला जी खाज सुटते, तिच्याबद्दल मात्र शाळेने काही शिकवलेलं नाही.

पुढच्या बाजूचं काम दादाचं. मूळ दिवे एलईडीचे होते. जुन्या पद्धतीचा हॅलोजन दिवा ५५ ते ६० वॅट खातो. तेवढा भार नवीन तारांवर आणि बॅटरीवर कशाला, म्हणून त्याने गोल आकाराचा पण एलईडीचाच, मान्यतेचा शिक्का असलेला दिवा घेतला. तो धरायची पट्टी त्याने साहेबांना विचारून, पाळी संपल्यावर, उरलेल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून मशीनवर कापली. डिजिटल मीटर त्याच पट्टीवर बसला. रेडिएटरपुढे बारीक जाळी लावली. दिव्याचा झोत समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून तो खाली आणला. टाकीचा निळा रंग तसाच ठेवला, कारण रंग बदलला तर आर.सी.वर नोंद करून घ्यावी लागते. फक्त आरएक्सच्या आठवणीची एक पांढरी पट्टी तिच्यावर आली. इंजिन, सायलेन्सर, ब्रेक, मडगार्ड यांना हात लावला नाही. साडी गार्डही जागेवर राहिला. केलेल्या बदलांची माहिती विमा कंपनीला आधीच कळवावी, असं दादाच्या मित्राने सुचवलं, तेही त्याने केलं.

काढलेले सगळे भाग आणि नव्याने घातलेले सगळे भाग आम्ही काकूंच्या मसाल्याच्या काट्यावर तोलले. फरक फारसा निघाला नाही. म्हणजे गाडी हलकी झाली नाही, आणि वेगवान तर नाहीच. उलट फेअरिंग गेल्याने वारा थेट छातीवर येतो. वेग दुप्पट झाला तर वाऱ्याचा विरोध चौपट होतो, आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट; आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना हे उदाहरण आवडेल. दादाला विचारलं, वाईट वाटतं का? तो म्हणाला, “कामावर जायला दहा-बारा किलोमीटर. तिथं मला कुठला कप जिंकायचाय?”

आता रविवारी पहाटे दादा उंचवटा लावतो आणि एकटाच पन्हाळ्याला जाऊन येतो. सूर्य वर यायच्या आत परत. त्या दोन तासांत त्याला कुणी फोन करत नाही, असं काकूंनीच ठरवून टाकलं आहे. बाकीचे सहा दिवस उंचवटा खोलीतल्या खिळ्यावर टांगलेला असतो आणि गाडीवर लांब सीट असते. अदलाबदल करायला मिनिटसुद्धा लागत नाही. दोन्ही रूपांत गाडी तीच आहे, आणि दोन्ही खरी आहेत.

मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण अठरा पूर्ण झाल्यावर असं काही करणार आहात, हे मला माहीत आहे. रूप कुठलंही घ्या. पण ते कुणाच्या गरजेतून आलं ते आधी शोधा, आणि आपल्या घरात कुणाची गरज त्या सीटवर बसते तेही बघा. आर.सी.वरचा ‘२’ हा आकडा सरकारी खात्याने छापला असला, तरी तो दुसरा माणूस आपल्याच घरातला असतो.

शाळेत परतायच्या आदल्या संध्याकाळी काकू नव्या सीटवरून पहिल्यांदा डंकावर निघाल्या. दादाने गाडी फाटकाबाहेर काढली. काकूंनी आधी सीटवर हात दाबून पाहिला, मग बसल्या, मांडीवर पोतं घेतलं आणि म्हणाल्या, “बसायला बरी हाय. मिरचीचा रंग लागंल, मग मला बोलू नको.” गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत काका आणि मी फाटकात उभे होतो. मला वाटलं, काकांना भरून आलं असेल. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते डोळे बारीक करून सीटच्या जोडाकडे बघत होते.

“दोन मिलिमीटर डावीकडं गेलीया,” ते म्हणाले. “रविवारी सरळ करतो.”

— कॅडेट, इयत्ता दहावी